अठरा पानांची पंगत

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा मी इंग्लंडात होतो. "तिकडे म्हणे आठवडाभर डोंगरात ठेवून कथा लिहायला शिकवतात. आहातच तर जाऊन या आणि लिहा." लिहिणं शिकवता येतं का, हा आपल्याकडचा जुना वाद. वाद कसला, मत ठरलेलंच आहे: येत नाही. गाणं शिकायला गुरू लागतो, तबल्याला लागतो, चित्राला तर जे. जे. लागतं, पण कथा म्हणे आतून यावी लागते. मीही साधारण याच मताचा. तरी गेलो, कारण ठिकाणाचं नाव लम बँक होतं आणि ते घर एके काळी कवी टेड ह्यूजचं होतं.

यॉर्कशरमधलं हेब्डन ब्रिज हे लीड्स-मँचेस्टर लोहमार्गावरचं लहानसं स्टेशन. तिथून जो चढ लागतो तो हेप्टनस्टॉल गावात नेऊन सोडतो. दगडी फरसबंदीची गल्ली, गिरण्यांच्या धुरानं काळवंडलेली घरं, एकाच आवारात दोन चर्च, त्यातलं जुनं पडकं. लगतच्या दफनभूमीत ह्यूजची पत्नी, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ आहे. चाहते तिच्या कबरीवर पेनं ठेवून जातात. गावाच्या पुढे वाट उतरणीला लागते आणि झाडीत अठराव्या शतकातलं एक दगडी घर दिसतं. कुणा गिरणीमालकानं बांधलेलं. खाली कोल्डनचा ओढा, आणि रानातून वर आलेली गिरणीची धुराडी. गिरण्या गेल्या, धुराडी राहिली. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला इथं फारसं परकं वाटत नाही.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगतो, तो त्यांच्या माहितीपत्रकातही मिळतो. जॉन फेअरफॅक्स आणि जॉन मोट या दोन कवींनी 1968 साली डेव्हन परगण्यात काही तरुण मुलांना जमवून पहिला वर्ग घेतला. शाळा कविता मारते, असं दोघांचं म्हणणं होतं. कवींच्या सहवासात ती जगते का, ते त्यांना बघायचं होतं. संस्थेचं नाव आर्वन. डेव्हनमध्येच टॉटली बार्टन नावाचं गवताच्या छपराचं जुनं घर त्यांना मिळालं. ह्यूजला सुरुवातीला या प्रकाराबद्दल शंका होती. मग तो त्याला इतका पटला की 1975 साली त्यानं लम बँकच संस्थेला भाड्यानं दिलं. पुढे श्रॉपशरमधलं नाटककार जॉन ऑस्बर्नचं घरही आलं. अमेरिकेतली आयोवाची लेखनशाळा याहून बरीच जुनी, 1936 ची. पण ती विद्यापीठाची, पदवी देणारी. आर्वन काहीच देत नाही. ना पदवी, ना प्रमाणपत्र, ना गुण.

सोमवारी दुपारी माणसं जमतात, शनिवारी सकाळी पांगतात. जास्तीत जास्त सोळा जण आणि शिकवायला दोन लेखक, दोघेही तिथंच मुक्कामाला. सकाळी सगळ्यांचा एकत्र वर्ग, दुपारी एकेकट्याशी बोलणं, बुधवारी रात्री बाहेरून आलेला एखादा लेखक आपलं वाचून दाखवतो, शुक्रवारी रात्री शिबिरार्थी आपापलं वाचतात. टीव्ही नाही. सकाळच्या वर्गांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. "नुकतंच कुणीतरी उठून गेलंय अशी खोली लिहा, पण त्या माणसाचा उल्लेख नको, दहा मिनिटं", असले स्वाध्याय. ते चांगले असतात, पण पुस्तकांतही सापडतात.

मला धरून ठेवलं ते स्वयंपाकघरानं.

आर्वनचा नियम असा की रात्रीचं जेवण शिबिरार्थींनी करायचं. तीन-चार जणांची एक तुकडी, रोज वेगळी. सामान संस्था आणून ठेवते, पाककृतीचा कागद तयार असतो, कुणाला दूध चालत नाही, कुणाला मांस, याची यादी भिंतीवर. शिकवणारे धरून अठरा पानं. सुरुवातीच्या दिवसांत हे काटकसरीपोटी सुरू झालं असेल, असं मला वाटलं होतं. दोन संध्याकाळी बघितल्यावर माझी खात्री झाली की सगळ्या आठवड्याचा दट्ट्या हाच आहे. ज्याच्या कथेवर सकाळी मत द्यायचंय, त्याच्या शेजारी उभं राहून आदल्या रात्री बटाटे सोलले असले की जीभ दोन्हीकडून बदलते. उगाच बोचरं बोलवत नाही. आणि उगाच गोडही बोलवत नाही, कारण भात लागला तेव्हा "लागला" म्हणून झालेलं असतं. आपल्या साहित्यिक मेळाव्यांत जेवण बुफे असतं आणि ज्येष्ठांचं टेबल वेगळं. तिथं कुणी कुणाच्या कथेबद्दल खरं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझ्या तुकडीत एक निवृत्त पोस्टमन, एक कायद्याची विद्यार्थिनी आणि पन्नाशीच्या एक बाई होत्या. मी कांदा चिरत होतो. बाई मराठीतच म्हणाल्या, "तुम्ही सांगलीकडचे का हो?"

"कोल्हापूरचा. कसं ओळखलंत?"

"डोळ्यांत पाणी आल्यावर 'आगं आई गं' म्हणालात. पुणेकर एवढं मोकळं ओरडत नाही."

बाई मिरजेच्या. वीसेक वर्षं इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर. इंग्रजीत कादंबरी लिहितायत, मिरजेतल्या एका सतारमेकर घराण्यावर. पाककृतीत मसुराच्या डाळीचा काहीतरी पातळ प्रकार होता. त्यात फोडणी नव्हती. बाईंनी आधी तेल तापवून जिरं टाकलं, मग कागद वाचला. पोस्टमन वासानं वळून बघायला लागला.

"रजेच्या अर्जात काय लिहिलंत?" मी विचारलं.

"वैयक्तिक कारण. कादंबरी म्हटलं असतं तर हसले असते. मिरजेत तर अजून हसतील. तुम्ही यावर लिहिणार आहात ना? माझं नाव घालू नका हं."

नाव घालत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जे कागद दाखवले, त्याबद्दल लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे. दुपारच्या भेटीला प्रत्येकाला साधारण अर्धा तास मिळतो. शिबिरार्थीनं आपली पानं आधी देऊन ठेवायची. बाईंनी पहिल्या प्रकरणाची पानं दिली होती. शिकवणाऱ्या लेखकानं त्यावर एक शब्द लिहिला नव्हता, एक ओळ खोडली नव्हती. समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, एवढंच. एका पानावर दोन, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर तर रांगच. बाईंना वाटलं, या आवडलेल्या जागा. त्या खोलीत जाऊन बसल्यावर त्यांना सांगण्यात आलं, ठिपका असलेली वाक्यं क्रमानं वाचा. "त्याला आठवलं." "त्याच्या मनात आलं." "तो विचार करत राहिला." "त्याला जाणवलं." सतारीचा भोपळा वाळत ठेवलेला म्हातारा आठ पानं नुसता आठवत होता. भोपळ्याला त्यानं हात लावलाच नव्हता.

"मग पुढे काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, भोपळा कसा कापतात ते मला सांगा. मी वीस मिनिटं सांगत होते. सरळ कापला तर तडकतो, आतला गर कसा खरवडतात, पंढरपूरकडून भोपळे यायचे तेव्हा आमच्या गल्लीत कसे रचून ठेवलेले असायचे. ते ऐकत होते. वेळ संपल्यावर म्हणाले, यातलं तुमच्या प्रकरणात काहीच कसं नाही?"

त्या रात्री बाई जेवायला उशिरा आल्या.

हे शिकवणं आहे की नाही, यावर मी वाद घालणार नाही. कादंबरीकार अँजेला कार्टर आर्वनच्या एका वर्गात शिकवायला होती, तेव्हा तिथं पॅट बार्कर नावाची एक उत्तर इंग्लंडातली बाई आली होती. सभ्य मध्यमवर्गी घरांतल्या कादंबऱ्या तिनं लिहून ठेवल्या होत्या, कुणी छापत नव्हतं. ज्या कामगार बायकांत ती वाढली त्यांच्याबद्दल लिही, असं कार्टरनं तिला सुचवलं. 'युनियन स्ट्रीट' 1982 साली आली. 1995 सालचं बुकर पारितोषिक बार्करला मिळालं. प्रत्येक लेखनशिबिराच्या प्रचारात अशी एखादी गोष्ट असतेच आणि त्यामागच्या, ज्यांचं काही झालं नाही अशा, शेकडो माणसांची नसते. पण ठिपके मी स्वतः पाहिले.

आता अडचणींकडे येतो. संपादकांनाही त्याच हव्या होत्या. "आपल्याकडे असं का नाही" हा परिच्छेद नसेल तर दिवाळी अंकाचा लेख पुरा होत नाही.

आपल्याकडे हे होतं, पण टपालानं. 'सत्यकथा' मासिकाला कथा पाठवली की संपादक श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांचं पत्र यायचं. नुसता नकार नव्हे, तर कथा कुठं ढिली पडली, शेवट कुठं आधीच झाला होता, हे सांगणारं. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. गावातल्या गावात, नोकरी सांभाळून, कंदिलाखाली. कुणाला आठवडाभर घर सोडावं लागत नव्हतं. ते मासिक 1982 मध्ये बंद पडलं आणि त्या प्रतीचं संपादन करणारी माणसं त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. आज कथा पाठवली की व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा येतो.

मात्र त्या टपालशाळेचं गुणगान करताना एक गोष्ट गाळता येत नाही. त्याच 'सत्यकथे'च्या अंकाची होळी राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी केली होती. दोन-तीन माणसांची रुची, ती कितीही तालेवार असली तरी, एका सबंध भाषेच्या कथेला चाळणी लावते, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. अण्णा भाऊ साठे किंवा बाबुराव बागूल या चाळणीतून वर आलेले नाहीत. लम बँकच्या शुक्रवारच्या वाचनातही मला हीच धास्ती वाटली. एकामागून एक माणसं उठून वाचत होती आणि सगळ्यांच्या कथा वर्तमानकाळात, तोकड्या वाक्यांत, घरातल्या एखाद्या वस्तूवर थांबणाऱ्या. आठवडा संपेतो सोळा जणांचा आवाज थोडाथोडा एकमेकांसारखा झाला होता. "त्याला आठवलं" हे वाक्य वाईट नसतं. सगळ्यांनीच ते टाळलं तर मात्र भाषेचं काहीतरी हरवतं. पोस्टमनची कथा तेवढी वेगळी होती. लांबच लांब, फाटे फुटणारी, मधेच कुत्र्यांच्या चाव्यांची यादी. शिकवणाऱ्यांनी त्याला ती आवरायला सांगितली होती. त्यानं ऐकलं नव्हतं. सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळाला.

दुसरी अडचण पैशांची. या आठवड्याचे कित्येकशे पौंड पडतात. आपल्या हिशेबानं लाखाच्या घरात. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सवलती आहेत आणि संस्था त्या मनापासून देते. तरी पंगतीत नजर फिरवली तर निवृत्त माणसं बरीच दिसतात. महाराष्ट्रात खर्च इतका येणार नाही. मे महिन्यात शाळांची वसतिगृहं रिकामी असतात, किराणा आहे, दोन लेखकांचं मानधन आहे. पैसा उभा राहील. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, ही चांगलीच गोष्ट. पण ते कागदाला आणि छपाईला. पुस्तक लिहून होईपर्यंतच्या काळाला अनुदान नाही, आणि खरी टंचाई त्याचीच आहे.

आटपाडी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एक शिक्षिका मला अधूनमधून कथा पाठवतात. दुष्काळी भागातल्या बायकांच्या, अंगावर येणाऱ्या. परत आल्यावर त्यांना फोन करून लम बँकचं सगळं सांगितलं. स्वयंपाकाच्या तुकड्यांचं जरा जास्तच रंगवून सांगितलं. आपण मे महिन्यात असं काही केलं तर याल का, असं विचारलं.

"सोमवार ते शनिवार? सर, मे महिन्यात कसली ना कसली ड्युटी लागते. निवडणूक, नाहीतर जनगणना. नाही लागली तर माहेरची लग्नं."

"मग दिवाळीच्या सुट्टीत?"

"दिवाळीत मला घरातनं कोण सोडतंय?" त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "शनिवार-रविवार ठेवा. शनिवारी सकाळची शाळा असते, ती उरकून बस पकडते. दोन दिवस घरच्यांना कसंतरी पटवीन. पण सर, एक करा. तेवढा स्वयंपाक आम्हाला लावू नका."

आचारी धरला तर माणशी खर्च कितीनं वाढतो, ते आता बघतोय.