फूल गळाले, आता कंदाचे काय?

फेब्रुवारीत कुणाच्या तरी वाढदिवसाला ट्युलिपची कुंडी घरी येते. आठवडा-दहा दिवस सारे घर तिच्याभोवती फिरते. येणारा-जाणारा 'सिलसिला'ची आठवण काढतो. (१९८१ च्या त्या चित्रपटातले ट्युलिपचे ताटवे काश्मीरचे नव्हेत, हॉलंडमधल्या क्युकेनहॉफ बागेतले होते.) मग पाकळ्या गळतात, पाने लोळू लागतात आणि कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात जाते. पुढे एक तर ती केरात जाते, नाही तर कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने पाने छाटून टाकते. कंद वाचवायचा असेल, तर नेमके हेच करायचे नसते.

ट्युलिपची पाने म्हणजे कंदाचे स्वयंपाकघर. लावलेला मूळ कंद फूल देता देता स्वतः संपून जातो आणि त्याच्या पोटातच नवे कंद धरतात. या नव्या कंदांचे पोषण फूल गळल्यानंतरच्या साधारण सहा आठवड्यांत, हिरव्या पानांच्या जोरावर होते. म्हणून पाकळ्या गळताच फक्त वरचा बीजकोश खुडावा, म्हणजे बी धरण्यात शक्ती वाया जात नाही. देठ आणि पाने मात्र तशीच राहू द्यावीत. दिसायला ती वाईट दिसतात, पण इलाज नाही.

कुंडी सकाळचे ऊन येईल अशा जागी ठेवावी, दुपारच्या उन्हापासून जपावी. वरची माती सुकली की पाणी द्यावे. खालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये, कंद कुजतो. पाने हिरवी आहेत तोवर पंधरवड्याने एकदा पातळ द्रवखत पुरे. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्यावे. पाने सुकून हलक्या हाताने निघून आली म्हणजे कंद काढायला हरकत नाही.

काढलेले कंद झटकून चार-सहा दिवस सावलीत वाळवावेत. मऊ पडलेले, बुरशी धरलेले टाकून द्यावेत. बाकीच्यांना मध्यावर दोरा गुंडाळून घेर मोजावा. घेर दहा सेंटिमीटर किंवा जास्त असला तर फुलाची आशा धरावी. लहान पिल्लांना पुढच्या वर्षी बहुधा एकच रुंद पान येते.

आता खरी अडचण. श्रीनगरला दल सरोवराकाठच्या ट्युलिप बागेत शरदात लावलेले कंद बर्फाळ हिवाळा जमिनीत काढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. दिल्ली, नागपूर वा पुण्यात तसे घडत नाही. पुढच्या फुलाची कळी उन्हाळ्यातच कंदाच्या आत तयार होत असते. मे महिन्याची तलखी तिला सोसत नाही. त्यातून ती वाचलीच, तरी आपला हिवाळा तिला पुरेसा थंड नसतो. नवी दिल्लीच्या शांतिपथावर ट्युलिप फुलवण्यासाठीसुद्धा नेदरलँड्सहून कंद मागवले गेले. तेव्हा मैदानी प्रदेशात दुसऱ्यांदा फूल येण्याची शक्यता थोडीच, हे आधीच समजून घेतलेले बरे.

तरीही प्रयोग करायचा असेल, तर उन्हाळाभर कंद जाळीच्या पिशवीत, घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी टांगावेत. सप्टेंबरच्या मध्यावर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात बारा ते चौदा आठवडे ठेवावेत. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. त्या काळात फ्रिजमध्ये सफरचंदे, केळी नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. तीन महिने फळांविना फ्रिज ही अट कितीशा घरांना मानवेल, हा प्रश्नच आहे! डिसेंबरअखेर पोयटा माती, वाळू आणि कुजलेले शेणखत घातलेल्या कुंडीत टोक वर करून कंद लावावेत.

सिमला किंवा अल्मोड्याला कुणी नातलग असतील, तर त्याहून सोपी वाट आहे. जाणाऱ्याबरोबर कंद पाठवावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वीतभरापेक्षा थोडे कमी खोल पुरले, की बाकीचे काम तिथली थंडी करते.

एक धोका मात्र लक्षात ठेवायलाच हवा. ट्युलिपचा कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो. खाण्यात आला तर उलट्या, पोटदुखी होते. कुत्र्या-मांजरांनाही तो बाधतो. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये लोकांनी हे कंद खाल्ले खरे, पण तो भुकेपुढचा नाइलाज होता. त्वचा नाजूक असेल तर कंद हाताळतानाही खाज सुटते, हातमोजे घालावेत. फ्रिजमधल्या पिशवीवर ठळक अक्षरांत 'खाण्यासाठी नाही' असे लिहावे आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनाही ते आवर्जून सांगून ठेवावे.