शिवणयंत्रे, जुनी : संग्रह व जीर्णोद्धार

वापरातून मागे पडलेली, सामान्यतः पन्नास वर्षांहून अधिक जुनी अशी यांत्रिक शिवणयंत्रे मिळविणे, त्यांची ओळख पटविणे आणि ती पुन्हा शिवण्यायोग्य अथवा जतन करण्यायोग्य स्थितीत आणणे, या उद्योगाचा येथे विचार केला आहे. नाणी वा तिकिटे यांच्या संग्रहाहून हा संग्रह एका बाबतीत वेगळा आहे. शंभर वर्षांपूर्वीचे शिवणयंत्र थोड्या तेलपाण्यानंतर पुष्कळदा पूर्वीइतकेच चांगले शिवते. ते वापरावयाचे साधन असते आणि त्याच वेळी आपल्या काळाचा पुरावाही असते. जीर्णोद्धारातील बहुतेक वाद या दुहेरी स्वरूपातून उद्‌भवतात. कारण साधन म्हणून यंत्र सुधारताना त्यातील पुरावा नाहीसा होऊ शकतो.

जीर्णोद्धाराचा एक आरंभीचा प्रसंगच या दृष्टीने बोधक आहे. टॉमस सेंट या इंग्रज कारागिराने १७९० मध्ये चामडे शिवण्याच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले होते. परंतु ते इतर विषयांच्या कागदपत्रांत दडून राहिले. १८७० नंतरच्या दशकात न्यूटन विल्सन या यंत्रउत्पादकाने ते शोधून काढले व आकृतीबरहुकूम प्रतिकृती तयार केली. ती चालण्यासाठी त्याला मूळ आराखड्यात फेरफार करावे लागले. ही प्रतिकृती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तिच्यात सेंटचे किती व विल्सनचे किती, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटलेला आहे.

एलिअस हाऊ याला दोन दोऱ्यांच्या टाक्याचे एकस्व १८४६ मध्ये व आयझॅक मेरिट सिंगर याला त्याच्या यंत्राचे एकस्व १८५१ मध्ये मिळाले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांतील अमेरिकन यंत्रे संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. त्या काळी यंत्राचा आकार स्थिरावलेला नव्हता. वक्र सुईची, एका दोऱ्याने साखळी टाका घालणारी, शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी मढविलेली अशी नाना तऱ्हेची यंत्रे निघाली आणि थोड्याच वर्षांत लुप्त झाली. त्यांचा मोठा संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. ग्रेस रॉजर्स कूपर यांनी त्याच्या आधारे लिहिलेला १९६८ मधील ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

याउलट घरोघरी आढळणारे काळे, सोनेरी नक्षीचे सिंगर यंत्र जुने असले, तरी दुर्मिळ नसते. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे १८८५ मध्ये सुरू झालेल्या किलबोवी कारखान्यातून एकट्या १९१३ या वर्षी सु. १३ लाख यंत्रे बाहेर पडली. (हा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, त्या गावच्या संग्रहालयात शिवणयंत्रांचा मोठा संग्रह आहे.) आजीच्या यंत्राला मोठी किंमत येईल ही समजूत त्यामुळे बहुधा फोल ठरते. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचे एक अमोल द्रव्य असते अशी अफवा पसरली आणि साध्या यंत्रांसाठी लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजले. असले द्रव्य त्यांत अर्थातच नव्हते.

यंत्राची ओळख त्याच्या अनुक्रमांकावरून पटते. सिंगरच्या यंत्रांवर १९०० पासून अंकांआधी अक्षर येऊ लागले : ‘जी’ म्हणजे अमेरिकेतील एलिझाबेथ, ‘एफ’ किंवा ‘वाय’ म्हणजे किलबोवी, ‘सी’ म्हणजे जर्मनीतील व्हिटेनबेर्गे. मात्र कारखान्याच्या नोंदवहीतील तारीख ही क्रमांकांचा गट वाटून दिल्याची असते. यंत्र प्रत्यक्षात नंतर तयार झालेले असू शकते. तसेच यंत्राचा माथा व त्याखालची ओतीव लोखंडाची बैठक यांची जोडी पुष्कळदा मूळची नसते.

भारतात सिंगर यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. येथील शिंपी मांडी घालून बसत असल्याने हाताच्या दांड्याने फिरणाऱ्या यंत्रांना विशेष मागणी होती. म. गांधींनी यंत्रांविषयीच्या आपल्या विरोधाला अपवाद म्हणून १९२४ मधील एका संभाषणात सिंगर यंत्राचा निर्देश केला होता. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा यंत्रे काढली आणि लुधियाना हे यंत्रे व सुटे भाग यांचे केंद्र बनले. ही यंत्रे मुख्यतः सिंगरच्या १५ क्रमांकाच्या नमुन्यावर बेतलेली असल्यामुळे त्या नमुन्याची बॉबीन, सुई, ताणाच्या चकत्या असे भाग आपल्याकडील साध्या दुकानातही मिळतात. परदेशी संग्राहकांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे.

यंत्र पुन्हा शिवू शकेल की नाही, हे त्याच्या वयापेक्षा सुईवर अवलंबून असते. २७ क्रमांकाच्या यंत्रात नावेच्या आकाराचा झुलता धोटा व लांब बॉबीन असते. तरीही त्याला आजची सपाट पाठीची घरगुती सुई चालते. १८६५ चे ‘न्यू फॅमिली’ यंत्र मात्र भक्कम असूनही अडते, कारण त्याची सुई बाजारात सहसा मिळत नाही. १९३३ मधील ‘फेदरवेट’ हे ॲल्युमिनियमच्या अंगाचे, सु. ५ किग्रॅ. वजनाचे विजेचे यंत्र अमेरिकेतील गोधडीकाम करणाऱ्या स्त्रिया अजूनही नित्य वापरतात.

जाम झालेले यंत्र बहुधा गंजलेले नसते. त्यातील तेल वाळलेले असते. खनिज तेलाऐवजी खाद्यतेल, त्यातही करडई वा जवस यांसारखे हवेत सुकणारे तेल घातले असेल, तर त्याचा राळेसारखा थर बनतो. प्रथम धोट्याभोवती दोरा अडकला आहे काय ते पाहावे. निम्मी ‘बिघडलेली’ यंत्रे तेथेच सुटतात, असे दुरुस्ती करणारे सांगतात. त्यानंतर प्रत्येक सांध्यात केरोसीनचा थेंब सोडून थांबावे, चक्र हाताने थोडे मागेपुढे करावे, पुन्हा थांबावे. याला कधी आठवडा लागतो. जोर लावल्यास भाग तुटतो आणि ओतीव लोखंड सहजासहजी जोडता येत नाही. केरोसीन उडून जाते व धातू कोरडा राहतो, म्हणून त्यामागून शिवणयंत्राचे पातळ तेल घालणे आवश्यक असते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक खाचेत नेमके बसेल असे घासून घ्यावे. सिंगरच्या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे होते. बाजारचा स्क्रू दामटून बसविल्यास मूळचा आटा कायमचा बिघडतो.

सुई तळापासून सु. २ मिमी. वर आली, की तिच्यामागे दोऱ्याचा फासा तयार होतो व धोट्याचे टोक त्यातून जाते. टाका सुटू लागला, की नवखा मनुष्य हा मेळच बदलावयास घेतो. वास्तविक सुई उलटी वा चुकीच्या लांबीची असणे, हे त्याचे नेहमीचे कारण होय. मेळ कारखान्यात लावलेला असतो व तो आपोआप क्वचितच ढळतो. विजेच्या यंत्रांत मात्र जुने रबरी वेष्टन ठिसूळ होऊन धक्का बसण्याचा धोका असतो. तेथे मूळपणाचा आग्रह न धरता तारा बदलाव्यात.

खरी हानी होते ती बाह्यांगाची. काळा लेप हा डांबरवर्गीय पदार्थ व जवसाचे तेल यांचा भट्टीत भाजलेला थर असतो. त्यावर सोनेरी नक्षी (स्फिंक्स, कमळ, लाल डोळ्यासारखी वेलबुट्टी) ठशाच्या कागदावरून उतरविलेली असते आणि तिच्यावर लाखेसारखे पारदर्शक रोगण असते. लाख मद्यार्कात विरघळते. त्यामुळे स्पिरिटने पुसलेल्या यंत्राचे सोने क्षणात रुपेरी पडते व ते परत आणता येत नाही. यंत्राच्या तळाशी आधी चाचणी घेऊन, कापसाच्या बोळ्याने शिवणयंत्राचेच तेल लावून हलके पुसणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. पोलादी लोकर फक्त उघड्या धातूवर चालते, रंगावर नव्हे.

संपूर्ण रंग खरवडून नवा रंग व नवी नक्षी चढविण्याची प्रथा आहे. असे यंत्र दुकानाच्या काचेत शोभून दिसते. पण पाट्यावर मनगट टेकून झिजलेली नक्षी, एखाद्या शिंप्याने आपल्या सोयीसाठी कोरलेली माप-रेघ, हे सारे त्यात पुसले जाते. लेप जेथे पूर्णपणे गंजून गेला आहे तेथेच नवा रंग समर्थनीय ठरतो. बैठकीवर फरशी बसवून उपाहारगृहासाठी मेज बनविणे आणि माथा भंगारात घालणे हा प्रकार त्याहूनही वाईट आहे. सामान्य यंत्रेच त्याला अधिक बळी पडतात, कारण ती विपुल आहेत असे सर्वांना वाटते. ज्यांना ठेवावयाची नाहीत त्यांनी ती शिवणाऱ्या माणसाकडे पोहोचवावीत. ब्रिटनमध्ये ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ या संस्थेने अशी यंत्रे दुरुस्त करून आफ्रिकेतील कारागिरांना पाठविली आहेत.

यंत्र घेताना खणातील वस्तू टाकून देऊ नयेत. बॉबीन, काठ दुमडण्याचे जोड, माहितीपुस्तिका, हप्त्यांची पावती यांवरून यंत्र कोणी, केव्हा व कशासाठी घेतले ते कळते. काम सुरू करण्यापूर्वीची छायाचित्रे, बदललेल्या भागांची यादी आणि काढून ठेवलेले मूळ भाग एका पाकिटात घालून ते यंत्राच्या पेटीतच ठेवावे.