स्वच्छ धुरा कुणाच्या कामाचा?



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा वावरं उन्हात तापत पडलेली असतील. पऱ्हाटी उपटून झाली, तूर घरात आली, मृग लागायला महिनाभर आहे. या दिवसांत आणखी एक काम चालतं, जे कोणत्याच हिशोबाच्या वहीत नसतं. ते म्हणजे धुरा साफ करणं. वाळलेलं गवत पेटवायचं, बोरीची झुडपं तोडायची, पळसाचे फुटवे छाटायचे. पाऊस आल्यावर जे उगवेल त्यावर तणनाशक मारायचं. मग आपणच कौतुकानं म्हणतो, "धुरा कसा चकाचक दिसते!"

मला या चकाचक धुऱ्याबद्दलच बोलायचं आहे.

तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांच्या धुऱ्यावर काय काय होतं. मी गावोगावच्या सभेत विचारते. मग बाभूळ, हिवर, बोर, पळस, मोह, कडुनिंब, सीताफळ, करंज, निर्गुडी अशी यादी थांबतच नाही. बाभळीच्या लाकडाचे वखर, डवरे व्हायचे. कुंपणावर काटवलाचे वेल चढायचे. पहिल्या पावसात तरोटा, कुंजर, घोळ तिथूनच खुडून आणायचो. आज काटवल बाजारात काय भावाने मिळतात ते तुम्हाला माहीतच आहे. ट्रॅक्टर आला, जेसीबी आला, धुरे सरळ झाले, बारीक झाले. दोन तास जास्त पेरता यावे म्हणून झाडं गेली. त्यात घरच्या बाईला कुणी विचारलं नाही, कारण सातबारा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर. पण जळणासाठी लांब जावं लागलं ते बाईलाच. भाजी विकत घ्यावी लागली तीही तिलाच. घरात सिलेंडर असलं तरी चूल पेटतेच, हे मी माझ्या डोळ्यांनी बघते.

हा झाला आपल्या घरचा तोटा. वावराचा तोटा त्याहून मोठा आहे आणि तो पटकन दिसत नाही.

पिकावर जशा अळ्या येतात तसे त्या अळ्या खाणारेही येतात. ढालकिडा मावा खातो. काही बारीक माश्या अळीच्या अंगात अंडी घालून तिला मारतात. कोळी, चतुर, नाकतोडे खाणारे पक्षी, सगळे आपल्या बाजूचे. आता विचार करा, सोयाबीन निघते दिवाळीच्या आसपास, कापूस फार तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर जूनपर्यंत वावर रिकामं. हे चार महिने या मित्रकिडींनी राहायचं कुठे आणि खायचं काय? त्यांना फुलातला रस लागतो, सावली लागते, सालीच्या फटी लागतात. हे सगळं धुऱ्यावर असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, त्यामागे मोह, मग कडुनिंब आणि करंज. पावसाच्या शेवटी बोर फुलते, बाभूळ फुलते. वावर रिकामं असताना धुऱ्यावर एकामागून एक जेवण वाढलेलं असतं. धुरा जाळला की ही पंगतच उठते. मग जुलैत पिकावर कीड येते तेव्हा तिला खाणारे गावात नसतात, आणि आपण औषधाच्या दुकानात जातो.

कृषी विभाग सांगतो की हरभऱ्यात, तुरीत घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावा. सल्ला बरोबर आहे. कोतवाल, साळुंकी तिथे बसतात आणि अळ्या उचलतात. पण मला दरवेळी हसू येतं. ज्या बाभळीवर कोतवाल बसायचा ती आपण तोडली आणि आता त्याच्यासाठी वावरात काठ्या रोवतो! काठीवर तो बसेल, घरटं मात्र करणार नाही.

मधमाशीचंही तसंच. ज्या तायांची परसबाग आहे त्यांनी नीट बघा. कोहळा, लौकी, दोडका, कारलं यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. माशी आली नाही तर मादी फूल, त्यामागच्या बारक्या फळासकट, पिवळं पडून गळतं. आपण म्हणतो खत कमी पडलं. कधी कधी खत नाही, माशी कमी पडलेली असते.

यवतमाळ जिल्ह्यातले नैसर्गिक शेती करणारे सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते गाईसोबत झाडाला आणि पक्ष्यालाही शेतीचा आधार मानतात. लांबचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंड बघा. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरावी म्हणून शेताभोवतीची झुडपी कुंपणं मैलोन्‌मैल उपटली. आता तिथलं सरकार शेतकऱ्याला पैसे देऊन तीच कुंपणं परत लावायला सांगतं.

आता तुमच्या शंका. सभेत झाडाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, धुऱ्यावर झाड लावलं त दोन तास पीक येत नाही." खोटं नाही ते. मोठ्या झाडाखाली पीक कमी येतं. पण कोणतं झाड कुठे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि सावली उत्तरेकडे पडते. म्हणून दक्षिणेच्या धुऱ्यावर झुडपं ठेवा, मोठी झाडं पूर्व-पश्चिम बाजूच्या धुऱ्यांवर वीस-पंचवीस फुटांवर लावा. तिथली सावली सकाळ-संध्याकाळ फिरत राहते. उत्तरेच्या धुऱ्यावर लावलं तर सावली शेजाऱ्याच्या वावरात जाईल, आणि धुऱ्याची भांडणं किती वर्षं चालतात ते मी सांगायला नको. पण शेजारच्या वावराची मालकीण आपल्याच गटात असेल तर? तिथेच बोलून ठरवता येतं की झाड दोघींचं, निंबोळी अर्धी-अर्धी. पुरुषांची बोलणी जिथे अडतात तिथे बचत गटाची बैठक कामी येते, हे आपण कर्जाच्या बाबतीत पाहिलंच आहे.

दुसरी शंका सापाची. हो, झुडपात साप राहतो. धामण राहते, ती उंदीर खाते. नाग आणि घोणसही राहू शकतात. म्हणून दाट कुंपण घराला, गोठ्याला लागून नको. येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवा, गवत कापताना आधी काठी आपटा, पायात बूट घाला. आणि कुणाला चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात.

तिसरी शंका रोही आणि रानडुकराची. करवंद आणि सागरगोटी दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, नागमोडी लावली तर तीन-चार वर्षांत दाट काटेरी कुंपण होतं. गुरं अडतात, रोहीलाही अडचण होते. रानडुक्कर मात्र नुसत्या कुंपणानं थांबत नाही, खोटी आशा मी देणार नाही. पण दरवर्षी बोरीचे काटे तोडून, डोक्यावर आणून कुंपण घालायची तुमची मजुरी वाचते. करवंदाचं लोणचं गटाच्या स्टॉलवर खपतं तेही धरा.

काय लावायचं हे तुमच्या पिकावर ठरेल. मौदा, रामटेककडे धानाच्या बांध्या आहेत, तिथे धुऱ्यावर तूर लावायची पद्धत आहेच, तिच्यासोबत बाभूळ चालते कारण तिची सावली विरळ. कापूस-सोयाबीनवाल्यांनी कडुनिंब, करंज, सीताफळ, निर्गुडी, बोर लावावी. गाजरगवत मात्र काढाच, त्यावर पिठ्या ढेकूण राहतो आणि तो कपाशीवर येतो. काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या संत्रावाल्या तायांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. संत्र्यातला रस शोषून फळगळ करणारा जो पतंग रात्री येतो, त्याची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. म्हणून बागेच्या कुंपणावर हे दोन वेल नकोत. दशपर्णी अर्काला गुळवेल लागते, ती घराजवळच्या निंबावर चढवा.

दशपर्णीचं निघालंच आहे तर विचारते, तुमचा गट अर्क करून विकतो तेव्हा दहा प्रकारचा पाला आणता कुठून? मागच्या वर्षी एका गटाला निर्गुडीसाठी दुसऱ्या गावी जावं लागलं. निंबोळीचंही तसंच. ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी केलं की ५ टक्के अर्क तयार. ती निंबोळी जून-जुलैत फुकट पडते, पण झाड असेल तर.

रायमुनिया लावू नका, ती न लावताच येते आणि बाकी सगळ्यांना हुसकते. सुबाभूळ चाऱ्याला चांगली, पण शेंगा पिकायच्या आत कापा, नाही तर ती वावरात शिरते.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची मोठी अभियानं झाली, २ कोटींपासून ३३ कोटींपर्यंत उद्दिष्टं होती. तुमच्यापैकी किती जणींनी तेव्हा खड्डे खोदले! रोप लावतानाचा फोटो सगळ्यांकडे आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालेल, हे ठरलेलं असेल तेवढंच रोप जगतं. म्हणून माझं म्हणणं, शंभर नको, प्रत्येकीनं पाच लावा आणि पाचही जगवा.

त्याहून सोपं काम आहे, ज्याला रोपही लागत नाही. तोडलेल्या पळसाला, बोरीला, हिवराला बुडातून दरवर्षी फुटवे येतात. त्यातला एक सरळ, जोमदार फुटवा ठेवायचा, बाकी छाटायचे. मुळं आधीच खोल असतात, त्यामुळे पाणी घालावं लागत नाही. आफ्रिकेतल्या नायजर या कोरड्या देशात शेतकऱ्यांनी असेच फुटवे राखून सुमारे ५० लाख हेक्टर शेतीवर झाडं परत आणली. या हंगामात दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा: धुरा पेटवू नका, त्यावर तणनाशक मारू नका आणि दर वीस पावलांवर एक फुटवा राखा.

एक कायद्याची गोष्ट. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, बिजा ही झाडं स्वतःच्या वावरातली असली तरी तोडायला परवानगी लागते. लावायला काहीच लागत नाही. बांबूला २०१७ पासून वनाबाहेर झाड धरत नाहीत, तो तोडून विकता येतो. रोजगार हमीतून धुऱ्यावर लागवड करायची असेल तर ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाला विचारा. अर्ज लवकर द्या, आराखड्यात नाव आलं नाही तर वर्ष जातं.

रोपं गटानेच करावी असं मला वाटतं. निंबोळी आणि जांभळाची बी लवकर मरते, पडल्यापासून पंधरा दिवसांत पिशवीत टाका. पळसाची बी पावसाआधी गोळा करा. बोराची आठोळी जरा फोडून आतलं बी पेरा. सागरगोटीचं कवच कठीण, दगडावर घासून रात्रभर भिजवा. बाभळीसाठी तर काहीच करायला नको. शेळ्या सध्या शेंगा खातच आहेत, त्यांच्या पोटातून निघालेलं बी चांगलं उगवतं. ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी लेंड्या खताच्या खड्ड्यात टाकण्याआधी एक टोपलं बाजूला काढून ठेवा. पुढच्या मासिक सभेला मी पिशव्या घेऊन येते.