फ्रिक्वेन्सी नको, गाव विचारा

सुरगाण्याच्या दऱ्यांत रेडिओ लावणाऱ्याला डोंगर आधी आडवे येतात, बटणं नंतर. नाशिक आकाशवाणीच्या १०१.४ मेगाहर्ट्झच्या एफएम लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीची सोंड आली की पाड्यावर नुसती खरखर. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झची मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते आणि रात्री आयनांबरावरून परतून आणखी दूर पोहोचते.

अशा ठिकाणी स्कॅनर हे मोठं मजेचं यंत्र. तो एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासतो आणि बोलणं सापडलं की थांबतो. तरी हौसेने घेतलेला स्कॅनर बहुधा कपाटात जातो, कारण तो वापरणाऱ्याला इंजिनिअर समजतो.

सुरुवातीच्या स्कॅनरांत प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा स्फटिक बसवावा लागे. सत्तरच्या दशकातल्या ‘बेअरकॅट १०१’ने ती कटकट संपवली, पण कोडचं पुस्तक उघडून स्विच वरखाली करण्याची नवी कटकट आणली. २०१० साली आलेल्या यूनिडेनच्या ‘होमपॅट्रोल’ने मात्र प्रश्नच बदलला. फ्रिक्वेन्सीऐवजी त्याने झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, विचारला. अमेरिकेत हे जमलं, कारण गावोगावच्या फ्रिक्वेन्सींची यादी तिथल्या हौशी लोकांनी आधीच जमवली होती. सुरगाण्याचा पिनकोड टाकून काय हाती लागणार?

म्हणून इथल्या यंत्राने यादी स्वतः करावी. रात्रभर चालू ठेवा. कुठे, किती वाजता, किती जोराचा संकेत आला ते त्याने टिपावं आणि सकाळी मराठीत समोर मांडावं. हे महागही नाही. टीव्हीसाठी बनलेली यूएसबी कांडी साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झपर्यंत काहीही ऐकू शकते, हे २०१२च्या सुमारास सर्वांना कळलं. संगणकाच्या पडद्यावर ती दोनेक मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम दाखवते.

नवख्याला सर्वांत जास्त रडवतो तो स्क्वेल्च, म्हणजे खरखर अडवणारा दरवाजा. घट्ट लावला तर यंत्र मुकं आणि माणूस म्हणतो, बिघडलं. सैल ठेवला तर स्कॅनर पहिल्याच चॅनेलच्या खरखरीवर अडकतो, पुढे सरकतच नाही. त्यातून प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरची खरखर वेगळी, त्यामुळे खुंटीची एकच जागा सगळीकडे पुरत नाही. खरखर मोजून तिच्या किंचित वर दरवाजा लावणं यंत्राला क्षणभराचं काम आहे. विमानांचं बोलणं एएममध्ये, हॅमचं, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचं, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवरचं बहुतेक एफएममध्ये. हा फरकही यंत्रानेच सांभाळावा. जाणत्याला मात्र तीच खुंटी दाबून धरल्यावर सगळं हाताने बदलता यावं. ‘सोपं’ आणि ‘तज्ज्ञांचं’ अशी दोन वेगळी मॉडेलं काढणं मला पटत नाही. शिकलेला माणूस मग दुसऱ्यांदा पैसे का मोजेल?

कायद्याची पाटीही पडद्यावर हवी. पोस्टात भरायचं घरगुती रेडिओचं लायसन्स ऐंशीच्या दशकात गेलं, पण इतर अनेक बिनतारी यंत्रं बाळगायला १९३३च्या कायद्यापासून परवाना लागत आला आहे. हॅमची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते आणि मर्यादित (रिस्ट्रिक्टेड) श्रेणीला मोर्स लागत नाही.

शिवाय यंत्राने अँटेनाच्या तारेची लांबीही सांगावी, म्हणजे लहरीच्या लांबीचा पाव भाग: नाशिक एफएमसाठी सुमारे ७४ सेंटिमीटर, हॅमच्या पट्ट्यासाठी ५२.