तांब्याच्या जाळीवर वाढणारी चाळणी

२०२१ चे एप्रिल-मे महिने कोण विसरेल? प्राणवायूसाठी माणसे रात्र रात्र दारोदार फिरली. त्या दिवसांत अनेक घरी आलेल्या कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात झिओलाइट नावाच्या सच्छिद्र स्फटिकाचे दाणे असतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. हे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जातो. पण दाणे लवकर भरतात. म्हणून दोन नळकांडी आळीपाळीने चालवावी लागतात.

असल्या स्फटिकाचा सलग, पातळ पडदाच करता आला तर? एका बाजूने मिश्र वायू सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा तो घ्यायचा. मध्ये थांबणे नाही. आपली पिठाची चाळणीच ती, फक्त भोके रेणूच्या मापाची.

अडचण अशी, की हा पडदा काचेसारखा ठिसूळ. त्याला आधार पाहिजे. जठारपेठेतल्या किराणा दुकानात दोऱ्यावर धरलेली खडीसाखर मिळते. धातूच्या जाळीवर पडदा वाढवणे काहीसे तसेच. पण खडीसाखरेचे खडे सुटे राहिले तरी बिघडत नाही. येथे दोन स्फटिकांत बारीकशी फट राहिली, तरी वायू निवड न होता तिथूनच निसटतो. शिवाय तापल्यावर धातू आणि स्फटिक सारखे फुगत नाहीत. निवताना पडद्याला तडा जातो. खरे दुखणे हेच.

२००९ मध्ये चीनच्या चिलिन विद्यापीठातील संशोधकांनी नामी युक्ती काढली. ज्या स्फटिकाच्या घडणीतच तांबे लागते, तो त्यांनी तांब्याच्या जाळीवर वाढवला. त्याआधी जाळीवर ऑक्साइडचा थर आणला. जाळीच तांबे पुरवते, म्हणून स्फटिक तिला घट्ट धरून बसतो. त्या पडद्याने नायट्रोजन, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांतून हायड्रोजन वेगळा काढून दाखवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही राहुल बॅनर्जी, उल्हास खरूल यांच्या गटाने असे स्फटिक वाढवले, पण धातूऐवजी प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या पोकळ तंतूंवर. ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून होणाऱ्या या स्फटिकांबद्दल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तळहाताएवढा तुकडा निर्दोष काढणे जमते. कारखान्याला लागतो तेवढा मोठा पडदा बिनतड्याचा काढणे अजून कठीणच आहे. विद्यार्थी मित्रांनो, साखरेच्या घट्ट पाकात दोरा टांगून आठवडाभर ठेवा आणि भिंगातून दोन खड्यांमधली फट पाहा.