कानापाशी दुहेरी

न्यू जर्सीत डिसेंबर लागला की मराठी घरांतल्या गप्पा भारताची तिकिटं आणि बर्फ या दोन विषयांपलीकडे फारशा जात नाहीत. इथल्या एका मराठी मासिकाच्या संपादकांना तिसरा विषय हवा होता. एडिसनच्या एका वाचनालयात दर शनिवारी विणकाम करणाऱ्या बायकांचा गट जमतो, त्यांत चार-पाच मराठी आहेत आणि त्या वर्षभर विणलेल्या टोप्या बोटींवरच्या खलाशांना पाठवतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "नाताळाआधी त्यांचा मेळावा असतो. जाऊन या, खाऊन या, चार फोटो आणा," एवढीच सूचना घेऊन मी निघालो.

वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला जिंजरब्रेड, शंकरपाळे, कोरियन भाताच्या वड्या आणि चहाचा मोठा थर्मास होता. दुसऱ्या टोकाला टोप्यांचे ढीग होते: धुतलेल्या, धुवायच्या आणि "अजून बघायच्या". मेळावा म्हणून गाणी, भाषणं असतील या अपेक्षेने गेलेल्या माणसाची इथे निराशाच व्हायची. बायका खात होत्या, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या आणि त्याच वेळी टाके मोजत होत्या. अर्धवट उरलेले लोकरीचे गुंडे एका मोठ्या टोपलीत पडत होते. ज्याला जो लागेल तो उचलावा.

या टोप्या जातात सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूट या संस्थेच्या 'ख्रिसमस ॲट सी' उपक्रमाला. उपक्रम १८९८ सालचा, संस्था त्याहून जुनी, १८३४ची. १८४४ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या बंदरात तरंगतं चर्च बांधलं होतं. मॅनहॅटनच्या टोकाला साउथ स्ट्रीटवर तिची १३ मजली इमारत १९१३ मध्ये उभी राहिली. तिची कोनशिला बसली १६ एप्रिल १९१२ला, म्हणजे टायटॅनिक बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि पुढे त्या बोटीच्या स्मरणार्थ इमारतीच्या माथ्यावर दीपगृह चढलं. खलाशांना तिथे राहायला खोल्या मिळत. घरच्यांपासून तुटलेल्या दर्यावर्दींचा शोध घेणाऱ्या जॅनेट रोपर तिथेच 'मदर रोपर' म्हणून नावाजल्या. आज ती इमारत नाही. दीपगृह साउथ स्ट्रीट सीपोर्टपाशी आहे आणि संस्थेचं खलाशी केंद्र नुअर्क बंदरात.

हे सगळं मी घरूनच वाचून आलो होतो. जे वाचून कळलं नव्हतं, ते गटातल्या एका काकूंच्या हातात होतं.

काकू मूळच्या दादरच्या, आता ऐंशीच्या उंबरठ्यावर. विणकाम शाळेत शिवणाच्या तासाला शिकल्या. मुंबईच्या हवेत त्याचा उपयोग फक्त बाळंतविड्यापुरता. बोटीशी संबंध विचारला तर म्हणाल्या, "एकदा रेवसला गेले होते, तेवढाच. तेव्हाही उलटी झाली." त्या जी टोपी विणत बसल्या होत्या तिच्या नमुन्याचं नावच '१८९८' आहे. या उपक्रमासाठी तो क्रिस्टीन बर्न्स यांनी तयार केला. मी इंजिनियर माणूस, आणि पुढचा तासभर मी त्या टोपीपासून हललो नाही.

साधी लोकरी टोपी खालच्या कडेपासून सुरू होते. गोल सुईवर टाके घालायचे, एक सुलट एक उलट करत ताणणारी किनार विणायची आणि मग वर चढत जायचं. ती घालून चार दिवस काम केलं की किनार सैल पडते, टोपी वर सरकते आणि वारा नेमका कानात शिरतो. १८९८ची टोपी आडवी सुरू होते. आधी फक्त एक लांब पट्टी विणायची, जी डोक्याभोवती फिरेल. दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलटच. अशा विणीला जाड वळ्या येतात, वळ्यांच्या मध्ये हवा अडकते आणि ऊब राहते. शिवाय ही वीण लांबीत चांगली ताणते. पट्टी आडवी घातली की तिची लांबी म्हणजे डोक्याचा घेर. त्यामुळे माप न घेता विणलेली टोपी लहान डोक्यालाही बसते आणि मोठ्यालाही. बोटीवरच्या अनोळखी माणसासाठी विणायचं तर हा गुण फार मोठा.

खरी गंमत पुढे आहे. पट्टीच्या मधोमध एक टाका न विणता नुसता सरकवत नेतात. त्याची सरळ रेघ उमटते आणि त्याच रेघेवर पट्टी दुमडते. पट्टी सगळीकडे सारखी रुंद नसते. दोन ठिकाणी हळूहळू टाके वाढवून ती फुगवतात आणि पुन्हा कमी करतात. ते दोन फुगवटे म्हणजे दोन कान. सुरुवातीचे टाके वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्यावर घातलेले असतात. पट्टी पुरी झाली की तो धागा ओढून काढायचा, मोकळे झालेले टाके शेवटच्या टाक्यांशी जोडायचे, पट्टीचं कडं करायचं, ते रेघेवर दुमडायचं आणि दोन्ही कडा एकत्र धरून त्यांतून नवे टाके उचलायचे. त्या टाक्यांवर डोक्याचा भाग गोल विणत, टाके कमी करत टाळूपाशी मिटवायचा. परिणामी टोपी कपाळावर आणि मागे अरुंद, कानांवर रुंद, आणि सगळ्या घेरात दुहेरी. कानपट्टी वेगळी शिवलेली नाही, त्यामुळे उसवायला जागाच नाही.

नवख्या हाताची परीक्षा टाके उचलताना होते. दोन ओळींची मिळून एक वळी होते आणि प्रत्येक वळीमागे एक टाका उचलायचा असतो, तोही दोन्ही थरांतून. वरच्या थरातली एखादी वळी सुटली तर पुढचं सगळं तिरपं जातं आणि टोपी डोक्यावर पिळल्यासारखी बसते. "अजून बघायच्या" ढिगात बहुतेक अशाच टोप्या होत्या. काकू एकेक उचलत, आतून बोट फिरवत, आणि चूक सापडली की शांतपणे उसवायला लागत. जिची टोपी ती समोरच बसलेली असे. कुणी रागावत नव्हतं.

रागावण्यासारखं काही राहतही नाही, कारण टोपी एकीची नसतेच. नमुन्याचे दोन भाग असल्याने गटाने कामही वाटून घेतलं आहे. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्या पट्ट्या करतात: सरळ काम, मोजणी कमी. टाके उचलायला तीन पक्के हात आहेत. वरचा गोल भाग नव्या मुली करतात. एखादी टोपी तीन घरांतून फिरून येते. टोपलीतल्या उरलेल्या गुंड्यांमुळे अनेकदा पट्टी एका रंगाची आणि डोकं दुसऱ्या रंगाचं होतं. लोकर यंत्रात धुता येईल अशीच हवी, कारण बोटीवर हाताने लोकरी कपडे निगुतीने कोण धुणार?

मफलरचा नमुनाही असाच डोकं वापरून केलेला आहे: ४६ इंच लांब, मधले १८ इंच ताणणाऱ्या विणीचे आणि दोन्हीकडे १४-१४ इंच सपाट. मधला भाग गळ्याला आवळून बसतो, टोकं कोटाखाली छातीवर पसरतात. काकू मफलरला गोंडे लावू देत नाहीत. "यंत्रापाशी उभा राहणारा माणूस तो. लोंबतं काही नको."

इथवर सगळं छान होतं. मी फोटोही काढले. मग चहा झाला आणि वाद सुरू झाला.

तो कळायला आधी थोडं मागे जावं लागेल. खलाशांच्या त्या खोल्यांची गरज का संपली, याचं उत्तर नुअर्कमध्येच आहे. २६ एप्रिल १९५६ला याच बंदरातून 'आयडियल एक्स' नावाची बोट ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघाली आणि सागरी मालवाहतुकीचं गणित बदललं. पूर्वी बोट रिकामी व्हायला आणि भरायला आठवडे लागत, तेवढे दिवस खलाशी शहरात राहत. आता मोठमोठी जहाजं एक-दोन दिवसांत निघून जातात. खलाशाला खोली लागत नाही, कारण त्याला उतरायलाच वेळ नसतो. कंटेनरने राहण्याची जागा संपवली, आणि मग संस्थेच्या माणसांनाच शिडी चढून बोटीवर जावं लागू लागलं. हातात जे मावेल तेच न्यायचं. टोपी हातात मावते.

वेळ असला तरी उतरता येईल असं नाही. अमेरिकेत पाय ठेवायला खलाशाकडे व्हिसा लागतो. नसेल तर समोर दिव्यांचं शहर दिसत असूनही तो डेकवरच. व्हिसा असला तरी टर्मिनलच्या आत कुणाला मोकळं चालत जाता येत नाही. खलाशांना फाटकापर्यंत विनामूल्य ये-जा करता यावी असा कायदा २०१०चा, आणि त्याची नियमावली तटरक्षक दलाने काढली २०१९मध्ये. वर्षभरातच कोविड आला, आणि एका टप्प्यावर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. त्यांत भारतीय होते, आणि भारतीयांत रत्नागिरी-रायगडची मुलंही. कोकणातल्या कित्येक घरांत बोटीची नोकरी पिढ्यांची आहे, आणि तिथला मुलगा सिंगापूर-कोलंबोच्या उकाड्यातून निघून काही आठवड्यांत जानेवारीच्या नुअर्कमध्ये पोचतो.

गटातल्या एका तरुण मुलीने हेच धरून विचारलं: उबदार कपडे देणं जहाजमालकाचं काम नाही का? आपण फुकट टोप्या देऊन त्याचे पैसे वाचवतो का? यंत्रावरची टोपी काही डॉलरांत मिळते. इथे नुसत्या लोकरीलाच त्याहून जास्त लागतात. आणि खलाशाला सर्वांत आधी हवं असतं फोनचं सिमकार्ड. घरी बोलायचं असतं त्याला. पुढच्या वर्षीची वर्गणी लोकरीऐवजी सिमकार्डांना द्यावी, असं तिचं म्हणणं.

खोलीतला आवाज बदलला. कुणी म्हणालं, मग जमायचं कशाला, घरूनच पैसे पाठवू. कुणी म्हणालं, हात चालेनासे झालेत, तेच बरं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मालकाने द्यायला हवी, खरंच आहे. तसं पत्र लिहा, मी सही करीन. पण तो देईपर्यंत मी विणणं थांबवलं तर त्याला काय फरक पडणार आहे?"

मला त्या मुलीचा प्रश्न काकूंच्या उत्तराने मिटला असं वाटत नाही. दयेने दिलेल्या वस्तूमागे हक्काची मागणी झाकली जाते, हे इतर अनेक ठिकाणी दिसतं. टोपी कितीही हुशारीने विणलेली असली तरी ती कुणाला बोटीवरून उतरवू शकत नाही. ते काम व्हिसाचं, फाटकाचं आणि कराराचं आहे. पण शिडी चढून जायला निमित्त लागतं, आणि टोपी द्यायला गेलेल्या माणसाकडेच खलाशी पगार थकल्याचं बोलतो. दोन्ही गोष्टी खऱ्या धरूनच पुढे जावं लागेल.

गटाने शेवटी वर्गणी निम्मी-निम्मी केली. म्हणजे पुढच्या वर्षी लोकर निम्मी, टोप्याही कमी. पट्ट्या करणाऱ्या दोघी मार्चमध्ये मुलांकडे फ्लोरिडाला कायमच्या जाणार आहेत आणि त्यांच्या जागी अजून कुणी नाही. पत्राचा मसुदा ती तरुण मुलगी करणार आहे. आणि काकूंनी तिला बजावलं आहे की पत्र लिहून झाल्यावर टाके उचलायला शिकायचं, कारण ते येणाऱ्या आता तिघीच उरल्या आहेत.