लहान मोटर, लहान कार्बन

खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले. विजेची यंत्रे कर्जत-खालापूरला नवी नाहीत. मुलांच्या रेडिओ-नियंत्रित मोटारगाडीतही तत्त्व तेच. तिच्या साध्या मोटरीत दोन कार्बन फिरत्या कम्युटेटरवर घासत वीज पोचवितात. जे घासते ते झिजणारच. म्हणून गाडी धुळीत चालविल्यावर मोटर निवू द्यावी, मऊ कुंचल्याने झाडावी, बुशला तेलाचा एकच थेंब द्यावा. कम्युटेटरला तेल लागू देऊ नये. ठिणग्या वाढल्या तर कार्बन तपासावा. मोटर फार तापल्यास गिअर घट्ट बसले आहेत काय ते पाहावे. अतिउष्णतेने चुंबक दुबळे होतात.

पण कार्बनच मिळाला नाही, आणि कंपनी उत्तरच देईना, तर? नखाएवढ्या तुकड्यापायी सबंध मोटर फेकावी काय? मुळीच नाही. पावती जपावी, तक्रार लेखी व तारीखवार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. सारखेच गाऱ्हाणे असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार दाखल करू शकतात. एकट्याच्या पत्राला उत्तर नसेल, तर दहाजणांनी मिळून लिहावे.